जुनाच टॅब राहू दे

धाकट्या,

तू आणलेला नवा टॅब मी कपाटात चादरींखाली ठेवलाय. रागावू नकोस. तू हौसेनं आणलास, पण काल तू कामाला गेल्यावर बाबांनी त्यावर तो विटा फोडायचा जुना खेळ लावला. नव्यावर चेंडू असा सुसाट पळतो की अंगठ्यानं खालची फळी सरकवेपर्यंत खेळ संपलेला. चार वेळा हरले आणि उजवा हात पांघरुणात घालून बसले. "माझं आता झालं," म्हणाले. रात्री घासही मीच भरवला.

आपला जुना टॅब रखडतो, म्हणून त्यावर चेंडू दमानं येतो. तेवढ्यात त्यांचा अंगठा सरकतो. अर्धांगाचा झटका आल्यापासून डॉक्टरांनी व्यायामाला, मुठीत दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी दोनदा भिरकावला, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणून. पण या खेळापायी रोज तासभर हात हलवतात. परवा अख्खी ओळ फोडली नि ओरडले, "अगं ए, इकडे बघ!"

मी शेजारच्या नर्सबाईंबरोबर माझ्या तपासणीला जातेय. कदाचित दोन दिवस ठेवून घेतील. बाबांना म्हण, मावशीकडे गेलीय. फोनवर बोललं की ते कान देतात, म्हणून लिहिलं.

हरले की पुन्हा सुरू करायचं बटण येतं. ते त्यांचं त्यांनाच दाबू दे. बोट तिथवर न्यायला फार वेळ लागतो, बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो. तरी मध्ये हात घालू नकोस. मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसते.

आई