बिनलेबलची पुडी

मंगळवार, जेवणानंतर

ती पुडी अजून ओट्यावरच आहे. पोट्टी वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेची तयारी करून राहिली, म्हणून पुरानी बस्तीतल्या वैद्यांकडून मुद्दाम आणली. अश्वगंधा, अजून काहीबाही; त्यानं ताकदीचे हार्मोन वाढतात म्हणे. तिनं उघडलीही नाही. "आई, इसपे लेबल नहीं है. डोप टेस्ट में कुछ निकल गया तो?" म्हणे, व्यायाम केला की शरीर आपले हार्मोन आपणच बनवते, त्याले फक्त नीट जेवण आणि झोप पाहिजे.

खरंच असेल. मग मले राग काहून आला? आईच्या हातचं घ्यायलेही तिले भीती वाटते, हेच मनाले लागलं असेल. पुडी उद्या परत करते.

आत्ता जेवताना मात्र तिनं दोनदा वरण मागून घेतलं. त्यात काय टाकलं, ते विचारलं नाही.