उलटी लावलेली पट्टी

३ सप्टेंबर, सोमवार

कोरायचा राउटर आज पुन्हा उसळला! लाकडाचा टवका उडून थेट भिंतीवर. नशीब, चष्मा होता. पोरगी हँडल सोडून म्हणाली, "बाबा, या गिरणीला एकाच रेषेत चालायची सवय आहे. तुमच्यासारखीच हट्टी."

बावीस वर्षं ही कातकामाची गिरणी एकच काम करते आहे. हँडल फिरवा, लाकूड गोल फिरतं. वर राउटर रुळावरून सरकतो आणि सुंदर पीळ कापत जातो. सरळ जातो, वर-खाली होत नाही. आणि मी शहाणा, ग्रंथपालबाईंना छाती फुगवून सांगून आलो – तुमच्या जिन्याचे सहाही खांब आरपार दिसतील असे करून देतो! "आरपार म्हणजे?" त्यांनी विचारलं. म्हटलं, खांबाच्या पोटात खिडक्या. घरी आल्यावर कळलं, बोलाची कढी नि बोलाचाच भात करून आलोय.

आणि ते पत्र. समुद्रापलीकडे जहाजांच्या खोल्या सजवणारा कारखाना आहे, त्यांनी पोरीला बोलावलंय. तिने त्यांना कळवलं – हातातलं काम संपलं की येते. मला म्हणाली, "सहा खांब झाले की निघते, बाबा." मी म्हटलं, "जा की." मग अर्धा तास कानस शोधली. हातातच होती.

५ सप्टेंबर, बुधवार

गिरणीचं पोट फाडलं. राउटरची बैठक सैल केली, खाली स्प्रिंग दिली, बाजूला बेअरिंग. बेअरिंग प्लायवूडच्या फर्म्यावरून चालेल, फर्मा जसा चढेल-उतरेल तसा राउटर. फर्म्याचा आकार पोरीने काढला – पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता, खाली फुगीर. मला दोन्हीकडून सारखा हवा होता. "सारखा कंटाळवाणा दिसतो," म्हणाली. ऐकलं. हल्ली तिचंच ऐकतो.

हँडल फार जलद फिरतं म्हणून जुन्या सायकलची दोन चक्रं आणि चेन बसवली. ताई दारातून म्हणाली, "आता घंटाही लाव." माझ्या थोरल्या बहिणीला देवाने जीभ देताना माप पाहिलं नाही.

८ सप्टेंबर, शनिवार

स्प्रिंग तुटली. दुसरी आणली. तीही तुटली.

१२ सप्टेंबर, बुधवार

जमलं!!

चार चौकोनी पट्ट्या. मध्ये कागद घालून सरसाने तात्पुरत्या चिकटवल्या. प्रत्येकीच्या वरच्या टोकाला मी पेन्सिलीने नंबर आणि गोल खूण केली. पोरगी हँडलवर, मी राउटरवर. फर्म्यावरून बेअरिंग असं उतरलं की जणू जन्मभर हेच करतंय. मग पटाशी लावून चारी पट्ट्या फोडल्या. कागद असतो म्हणून फुटतात, टक्, टक्. प्रत्येक फिरवली, बाहेरचा कोपरा आत. आणि यावेळी कागद न घालता, कायमचं चिकटवून शिकंजे आवळले. कातलेलं सगळं आत गेलं आणि खांबाच्या चारी बाजूंना थेंबाच्या खिडक्या उघडल्या.

शिकंजे काढल्यावर पोरगी एका खिडकीतून बघत होती, पलीकडच्या खिडकीत माझा डोळा. "बाबा, तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्यात!" म्हणाली. मग आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

जेवताना मनात आलं – पाच राहिले. तेव्हापासून घास गोड लागला नाही. इतकी वर्षं काम लवकर संपावं म्हणून धडपडलो. आता हे संपूच नये असं वाटतंय.

१५ सप्टेंबर, शनिवार

दुसरा खांबही बिनचूक. कधी नव्हे ते चुकायला पाहिजे होतं!

पोरगी बॅग घेऊन आली. निळी, चाकांची. घरभर ओढून दाखवली. ताई म्हणते, "तोंड का पाडलंस? पोरगी जग बघायला निघाली आहे." मला कळत नाही का? तिच्या आईला जाऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून हँडलवर हीच. शाळेतून आली की दप्तर फेकून हँडल. बाई झाली, एकोणतीस वर्षांची. तिने जावं हे मलाही पटतं. पटणं वेगळं.

१८ सप्टेंबर, मंगळवार

हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे.

चिकटवताना मला जवळ कोणी नको असतं, ही माझी जुनी खोड. पोरगी दुपारी पॉलिश पेपर आणायला गेली होती. तिसऱ्या खांबाच्या चार पट्ट्या समोर. एक, दोन, तीन, चार. चारही गोल खुणा वर. आणि मी तीन नंबरची पट्टी उचलली आणि खालची बाजू वर करून लावली. मुद्दाम. शिकंजे आवळले, वरून फळ्या बांधल्या, खिडक्या झाकल्या गेल्या.

हात अजिबात थरथरला नाही. त्याचंच वाईट वाटतंय.

१९ सप्टेंबर, बुधवार

सकाळी तिने शिकंजे काढले. दोन खिडक्या ठीक, दोन वेड्यावाकड्या. निमुळत्यासमोर फुगीर. "अगंबाई! हे काय केलंत बाबा?" मी म्हटलं, "वय झालं गं." हसली, माझ्या टकलावर टिचकी मारली.

एवढ्या जाडीचं, मुरलेलं लाकूड हाताशी नव्हतं. वखारवाला म्हणाला, आठवडा लागेल. पोरीने जादाच सांगितलं, "पुन्हा चुकलं तर?" म्हणून. कारखान्याला कळवलं, थोडं उशिरा येते. मी जेवताना दोनदा वाढून घेतलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, मी तर गप्प बसून चोरी करतोय.

२७ सप्टेंबर, गुरुवार

लाकूड आलं. तिसरा पुन्हा केला, सरळ केला. आठवडाभर दुसरं काम नव्हतं, तर पोरीने गिरणीची सगळी बेअरिंगं धुऊन तेल दिलं आणि लहानपणीच्या गोष्टी काढल्या. एवढा चांगला आठवडा कित्येक वर्षांत गेला नव्हता.

२९ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा केलं. चौथा खांब, दोन नंबरची पट्टी. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच – ते शेपूट मी.

३० सप्टेंबर, रविवार

यावेळी ती हसली नाही.

खांब उजेडात धरला, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. "बाबा, खुणा दिसल्या नाहीत का तुम्हाला?" "दिसल्या की." "मग?" मी खांदे उडवले. तिने खांब भिंतीशी ठेवला, तोंड भिंतीकडे करून.

स्वयंपाकघरात ती आणि ताई कुजबुजत होत्या. मी गेलो तशा गप्प झाल्या. ताईने मला टोमणा मारला नाही! ताईने! उलट "थकलास का रे?" म्हणाली, मऊ आवाजात. अंगावर काटा आला.

४ ऑक्टोबर, गुरुवार

पुरे झालं. चौथा काल पुन्हा करून दिला, सरळ. आज पाचवा जोडला आणि हाही नीट जोडला. एक, दोन, तीन, चार. चारही खुणा वर. पोरीला थोपवायचं तर तोंडाने थोपवावं, लाकूड कशाला नासवावं? मोकळं वाटतंय. आता दोन दिवसांत सहावा, आणि जा बाई सुखाने.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

मी कामाच्या शेडमध्ये पोचायच्या आधीच पोरीने शिकंजे काढले होते. पाचवा टेबलावर नव्हता. "मस्त झालाय, घासायला घेतला मी," म्हणाली आणि पाठ फिरवून काहीतरी शोधू लागली. "तुम्ही आज आराम करा, बाबा." चांगला झालाय तर दाखवायचा ना! पण म्हटलं, रुसली असेल. घरी येऊन झोपलो.

८ ऑक्टोबर, सोमवार

"सहज तपासून घेऊ, वर्षातून एकदा करावं," असं म्हणून मला गाडीत घातलं. मला वाटलं, रक्तदाब. डॉक्टरीणबाई तरुण, गोड बोलणाऱ्या. मला म्हणाल्या, घड्याळ काढा, त्यात सव्वादहा दाखवा. शंभरातून सात-सात वजा करा. पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. मला तीनच सांगता आले. येतील कसे? तोपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला होता – या दोघींना वाटतंय मला भ्रम झालाय! संतापाने कानशिलं तापली होती, त्यात शब्द कुठले आठवायला!

"आत्ताच काही म्हणता येणार नाही, महिन्याने पुन्हा या," बाई पोरीला म्हणाल्या. पोरीला. मी तिथेच बसलो होतो, खुर्चीसारखा.

घरी आल्यावर निळी बॅग दिसली नाही. ताईने माळ्यावर टाकली म्हणे. पोरगी म्हणाली, "मी नाही जात, बाबा. कळवून टाकते त्यांना. इथेच बरं आहे मला." हसत म्हणाली. मी हे हसणं तिच्या आईच्या आजारपणात पाहिलंय.

म्हणजे हवं ते मिळालं. घे आता, खा!

९ ऑक्टोबर, मंगळवार

ताईने माझ्या पटाश्या मोजून कपाटात ठेवल्या. किल्ली पोरीकडे. तक्रार कुणाकडे करू? आपलेच दात, आपलेच ओठ.

पोरगी हँडल पुसत होती. मी नसलो की ती शीळ घालायची, आज मी दाराबाहेर, तिला न दिसता उभा होतो, तरी शीळ नाही. एकोणतीस वर्षांच्या पोरीला मी माझ्या दावणीला बांधलं आणि वर तिलाच माझी कीव करायला लावली. लाज वाटते. उद्या सांगणार. मारेना का मग पटाशी फेकून.

१० ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं! तिसरा आणि चौथा मी मुद्दाम उलटा लावला, तू जाऊ नयेस म्हणून. डोकं ठिकाणावर आहे माझं, फक्त नियत घसरली.

आधी तिला कळलंच नाही. मग लालबुंद झाली. हातमोजे फेकले. "मी रात्र-रात्र रडले, बाबा! आत्याने नवस बोलायचाच बाकी ठेवला होता!" मग भुसा पडलेल्या जमिनीवरच बसली आणि हसायला लागली, रडतारडता. मीही खाली बसलो. गुडघे वाजले. "मला सरळ सांगता येत नव्हतं का, थांब म्हणून?" म्हणाली. म्हटलं, "तू थांबली असतीस."

नकाराचं पत्र तिने अजून टाकलेलंच नव्हतं. खिशातून काढून फाडलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

मग निघताना दारात थबकली. काहीतरी विचारणार होती. "उद्या बोलू," म्हणाली.

११ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी तिने पोत्यात गुंडाळलेला खांब माझ्यासमोर ठेवला. पाचवा. चार नंबरची पट्टी उलटी. मला कळू नये म्हणून तिने शिकंजे काढले त्याच दिवशी जादाच्या लाकडातून दुसरा करून ठेवला होता.

मी घरी येऊन या वहीत चार तारीख काढली. "नीट जोडला," माझंच अक्षर. पुन्हा गेलो. खाली गेलेल्या गोल खुणेवरून बोट फिरवलं. तीही माझीच.

"काल तुम्ही तिसरा आणि चौथाच म्हणालात," ती म्हणाली. "हा?"

म्हटलं, "हाही मुद्दामच. सांगायची लाज वाटली."

तिने केवढा मोठा श्वास सोडला! आता माळ्यावरून बॅग काढते आहे.