हे सांगतात, मी लिहिते

ट्रॉय (अमेरिका), शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९८६

कन्फ्यूशियसवरचं लायब्ररीतलं पुस्तक आज संपलं. माणूस जन्मतः चांगला की वाईट, यावर त्याच्यामागून आलेल्यांचं एकमत नाही. पण राज्य करणारा स्वतः सरळ नसेल तर त्याचे हुकूम कोणी मानत नाही, असं त्याने सांगून ठेवलंय. तिथेच अडकले.

संध्याकाळी कळलं, मंजू लायब्ररीत जाते सांगून भलतीकडेच गेली होती. म्हटलं, "या घरात खोटं चालणार नाही."

"रिअली, आई? मग आजीला दर महिन्याला काय लिहितेस?"

हे जाऊन चौदा महिने झाले. नागपूरला सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांना सोसणार नाही, असं दिराचं म्हणणं. म्हणून लिहिते की यांचा हात दुखतो, हे सांगतात, मी लिहिते. 'आई, मी बरा आहे.'

आता लेकीला हुकूम कोणत्या तोंडाने देऊ? मंजू रडत म्हणाली, "तो तिचा मुलगा होता, आई!"

सासूबाई सोसतील. त्यांनी पुष्कळ सोसलंय. मलाच सोसणार नाही, हे आज कळलं. दिराला फोन करायला तीनदा उठले, तीनदा बसले. त्या पत्रांत हे अजून बोलतात. ती थांबली की कुठे बोलतील?