दारावर न लागलेली नोटीस

नागपूर,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

प्रिय चंपत,

सप्रेम नमस्कार. तिळगूळ टपालाने पाठवता येत नाही, तेव्हा मनानेच घे. मिरचीची तोडणी सुरू झाली असेल. तुझ्या मिनलचं बाळ कसं आहे? फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून हे पत्र. एकाच दिवशी नोकरीला लागलेल्या दोन माणसांवर अशी वेळ यावी, याचं वाईट वाटतं.

सोमवारी मी हायकोर्टात आलो होतो. ऑफिसात दाढदुखीची रजा टाकली. तू पुढच्या बाकावर होतास, मी खांबाआड. तुझी नोकरी परत मिळते की नाही ते ऐकायचं होतं, आणि खरं सांगतो, कोर्ट असतं कसं याचीही उत्सुकता होती.

मला वाटलं होतं, न्यायमूर्ती पहिलाच प्रश्न विचारतील: शेतावर न जाता घरी बसून या भूमापकाने मोजणीचा नकाशा काढला की नाही? त्याच आरोपावर तुला बडतर्फ केलं ना! पण तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. न्यायमूर्ती म्हणाले, आम्ही चौकशी नव्याने करायला बसलेलो नाही. या माणसाला आपली बाजू मांडू दिली का, एवढंच सांगा. मी चाटच पडलो. नकाशा बाजूला राहिला आणि सगळे तुझ्या घराच्या दाराबद्दल बोलू लागले.

सरकारी वकिलाने कागद वर धरला. रजिस्टर पोस्ट ‘घर बंद’ म्हणून परत आलं, तेव्हा नोटीस दोन पंचांसमक्ष दारावर चिकटवली, तरी कर्मचारी हजर राहिला नाही, म्हणून चौकशी एकतर्फी झाली. तुझ्या वकील वेदिका मॅडम म्हणाल्या, नोटीस लागलीच नाही. न्यायाधिकरणात तू याच कागदावर हरलास, हे मला तिथे कळलं. मग सरकारी वकिलाने पंचांची नावं वाचली. पंच क्रमांक एक, धोंडबा शिपाई. पंच क्रमांक दोन, नानाजी भोयर, म्हणजे मी.

तू मागे वळून पाहिलं नाहीस. मला तर खांबसुद्धा अपुरा वाटला.

आता सांगतोच. आम्ही भिवापूरला तुझ्या घरी आलोच नव्हतो. वाटेत उमरेडच्या स्टँडवर उतरलो, चहा घेतला. धोंडबा म्हणाला, “भाऊ, पुढं काहून जाता? येथंच सही मारा ना. सारेच मारतात.” त्याला कंटाळा आला होता. मला आला नव्हता. मला लाज वाटत होती. ज्या घरी इतकी वर्षं हक्काने जेवलो, त्याच्या दाराला डिंक लावू कसा? वहिनी बाहेर आल्या असत्या तर काय बोललो असतो? मनाला समजावलं, चंपतला कुणीतरी फोन करेलच. तो मीही केला नाही.

घरी येऊन प्रेमिलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मंग वकीलबाईले सांगून टाका ना. पोटात ठेवून काय करून राहिले?”

काल वेदिका मॅडमकडे जाऊन शपथपत्रावर सही केली. तीस तारखेला ते कोर्टापुढे जाईल. त्यांनी बजावलं आहे, बडतर्फीचा हुकूम रद्द झाला तरी तू सुटलास असं नव्हे. चौकशी पुन्हा होऊ शकते. पण या वेळी तुझ्यासमोर होईल.

एक विचारू? तू त्या शेतावर गेला होतास का? दोन वर्षं हा प्रश्न मला छळतोय. शपथपत्रावर सही करण्याआधी तुला विचारावं असं वाटलं, मग मीच थांबलो. तुझं उत्तर काहीही असलं तरी उमरेडचा चहा काही बदलत नाही. उत्तर द्यावंसं वाटलं तर दे, नाहीतर राहू दे.

आता माझ्यावरही चौकशी बसेल, धोंडबावरही. त्याला आधीच सांगून आलो. तो शिव्या देतो आहे. प्रेमिला घाबरली आहे, पण मागे फिर म्हणत नाही. माझ्या नावाची नोटीस आली की मी ती स्वतः हातात घेईन.

वहिनींना नमस्कार. त्यांनी रागवावं, त्यांचा हक्क आहे.

तुझ्या दारापर्यंत न आलेला,
नाना