पाच पाकळ्यांची घडी

ती. आई,

'प्रिय' लिहिणार होते, पण तुम्हीच म्हणाला असतात, "कधीपासून?" म्हणून राहू दे.

आजच का लिहिते आहे ते सांगते. तुमचं वर्षश्राद्ध दिवाळीआधी झालं. गेल्या संक्रांतीला आपल्याकडे सण नव्हता, यंदा आहे. तुमची नात ऋजुता नाताळच्या सुट्टीसाठी हॉस्टेलवरून घरी आली आहे. सकाळी मी जवाहर चौकातून पतंगाचा कागद आणला, काळा आणि पांढरा, तुम्ही आणायला लावायचात तसाच. गच्चीवर उन्हात सतरंजी टाकली, संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी चांदण्या करायला बसले, आणि कात्री हातात धरून नुसती बसूनच राहिले. कुणीतरी कागदाची घडी घालून माझ्या हातात देईल म्हणून वाट बघत!

मग माझा जो संताप झाला आहे आई, तो तुम्हाला कळवल्याशिवाय मला घास उतरणार नाही.

लग्नानंतरचा माझा पहिला डिसेंबर आठवतो तुम्हाला? टी. टी. नगरचं ते सरकारी क्वार्टर. पलंगावर तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात, माझ्याकडे पाठ, आणि कागद दुमडत होतात. मी मान वाकडी करून बघायला गेले तर पदर असा पसरलात की हात दिसू नयेत. मग ते जाड त्रिकोणी पुडकं माझ्यापुढे आलं. "इथून काप. खोल नको."

मी कापलं. आता उघडणार, तेवढ्यात तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत. "उघडायचं माझं काम. तुझ्या हातून फाटेल."

कधी फाटलं होतं हो माझ्या हातून? सांगा ना! कापायची मजा असते का? मजा सगळी उघडण्यात. घडीवर घडी सुटत जाते आणि आपण काय केलं ते आपल्यालाच पहिल्यांदा दिसतं. ते तुम्ही दर वर्षी स्वतःकडे ठेवलंत. माझ्याकडे काय, तर अंगठ्याला कात्रीचा घट्टा आणि सतरंजीवरचा कचरा.

आणि त्या चांदण्या होत्या सुंदर, हेच तर दुखतं. चार पाकळ्या, आठ पाकळ्या शाळेतली पोरंही करतात. कागद अर्ध्यावर अर्धा दुमडत गेलं की झालं. तुमच्या चांदणीला पाच पाकळ्या असायच्या. काळ्या चांदणीमागे पांढरी, जराशी फिरवून लावलेली. शाहपुऱ्याला राहायला आल्यावर खालच्या मजल्यावरच्या दुबे भाभी दर संक्रांतीला विचारायच्या, "मांजी, ये पाँच पत्ती वाला हमें भी सिखा दो ना." आणि तुम्ही तुमच्या त्या पुणेरी हिंदीत, "अरे, उसमें क्या है, ऐसेच हो जाता है." ऐसेच! मी पाणी द्यायला उभी होते, माझ्याकडे बघितलंत पण नाही.

माझी खात्री होती की तुम्ही सुनीताताईंना शिकवलं असणार. मुलगी ती मुलगी. म्हणून आज गच्चीवरूनच नाशिकला फोन लावला. ताई म्हणाल्या, "अगं वहिनी, मी तुलाच विचारणार होते. मला कुठे शिकवलं आईनं? मला वाटलं, तुला दिलं असेल."

म्हणजे पोटच्या मुलीलाही नाही! इतकी वर्षं मी बिचाऱ्या ताईंच्या नावानं बोटं मोडत होते, तो राग आता कुठे ठेवू? तो पण तुमच्याच खात्यात जमा केला.

ऋजुता म्हणाली, "आई, टेन्शन क्यों ले रही हो, यूट्यूबवर सगळं आहे." असेल. मला यूट्यूबकडून नको होतं. मला तुमच्याकडून हवं होतं. एकदा तरी माझ्याकडे तोंड करून बसायचं होतंत.

दुपारी माळ्यावरून तुमची एक जुनी चांदणी काढली. तिच्या अंगावर सगळ्या चुण्या होत्या. एकेक चुणी धरून मी ती उलटी दुमडत गेले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा कळलं, पहिल्या घडीनंतर कागद अर्ध्यात दुमडायचाच नाही, एक बाजू तिरकी आणायची. बस, एवढंच! एवढ्यासाठी पाठ फिरवत होतात?

नवा कागद घेतला, दुमडला, कापला, आणि आई, मी उघडला. पाच पाकळ्या. फाटला नाही.

तुम्ही का लपवलंत, ते मला कळत नाही असं समजू नका. बाबा माझ्या लग्नाआधीच गेले. हळदीकुंकवाला हॉल बायकांनी भरायचा आणि तुम्ही आतल्या खोलीत, दार अर्धवट ओढून. बायका आल्या आल्या वर बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्या कुणी केल्या?" ते आत तुम्हाला ऐकू जायचं. त्या खोलीत तुमच्यापर्यंत पोचायचं ते तेवढंच. ते माझ्या नावावर जाऊ नये, म्हणून एवढा आटापिटा. कळतं सगळं. पण कळलं म्हणून माफ केलं, असं होत नाही.

कारण दुबे भाईसाहेब गेले, त्यानंतरच्या संक्रांतीला मी भाभींना हळदीकुंकवाला बोलवायला निघाले होते. दारातच अडवलंत. "तिला आता नको बोलावूस, तिलाच अवघडल्यासारखं होईल." स्वतः आत बसून काय होतं ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तुम्ही तिलाही आत बसवलंत. मी भांडले, तुम्ही जपमाळ घेतलीत. ह्याचा सूड मी घेणार आहे.

तर ऐका, यंदा काय करणार ते. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या नाहीत, प्लास्टिकचे डबे नाहीत. यंदा तुमची घडी लुटणार. येईल तिच्या हातात एक काळा कागद देणार आणि हॉलच्या मधोमध बसून, सगळ्यांकडे तोंड करून शिकवणार. ज्या कागदाला जिनं कात्री लावली तो तिनंच उघडायचा. ताईंनाही बोलावलं आहे. पुढच्या वर्षी शाहपुऱ्यात घरोघरी पाच पाकळ्या लटकतील आणि "ह्या कुणी केल्या?" असं कुणी विचारणार नाही. तुमचं नाव त्यात कुठेही नसेल. कसं वाटतंय?

दुबे भाभींना मी संध्याकाळीच सांगून आले. त्या म्हणाल्या, "अरे वैशाली, मैं कैसे आऊँ, लोग क्या कहेंगे?" मी म्हटलं, "लोग मेरे घर में मेरा तिळगूळ खाएँगे और चुप रहेंगे." त्या आधी हसल्या, मग डोळे पुसले. येणार आहेत. पहिली चांदणी त्याच उघडतील.

आणि शेवटचं. तुमचा फोटो आतल्या खोलीतून काढून हॉलमध्ये लावणार आहे. बायका जमल्या की सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या देखत, पहिलं हळदीकुंकू मी त्या फोटोला लावणार. हे माझं वचन. तुम्ही नको म्हणाल, हात झटकाल, उठून आत निघून जाल, हे मला माहीत आहे. पण आता ते तुम्हाला जमायचं नाही, आई.

तुमची सून,
वैशाली