मूळची कुठली?

हायडेलबर्ग,
ऑक्टोबर १९६७

प्रिय मालू,

जीव भांड्यात पडलाय, म्हणून आधी तेच लिहिते: तुझ्या सुधीरचं लग्न ठरलं. मुलगी हो म्हणाली. मधे महिनाभर ती नाही म्हणत होती, आणि त्याला कारण मी होते, हे तुला कुणी कळवलं नाही. आता सगळं निस्तरलंय, तेव्हा चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

तू लिहिलं होतंस, अक्का, तू तिथेच मुलाकडे आहेस, तर रीतसर मुलगी पाहा, कुळमूळ विचार, मग आम्ही ठरवू. श्रीपाद हसला. म्हणाला, आई, इथे मुली बघायची पद्धत नाही. पण सूनबाईनं, वसुधानं, माझी बाजू घेतली. पोहे इथे कुठले मिळायला! रवा मिळतो, त्याला ग्रीस म्हणतात, त्याचा शिरा केला. सुधीर रेनाटेला घेऊन आला. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. कुणी न सांगता दारात बूट काढले, शिरा परत मागून घेतला. उंच आहे, हसली की गालाला खळी, आणि केस इतके दाट कुरळे की कंगव्यानं हात टेकावेत. रंगाचं म्हणशील तर, मालू, तू गल्लीभर गोरी मडम येणार म्हणून सांगून बसली आहेस, आणि म्हणूनच सुधीरची लेखणी अडली होती. मुलगी काळी आहे. तुझ्या दिनकररावांपेक्षा फार तर एक हात जास्त, पण काळी.

आई इथली जर्मन, वडील अमेरिकेच्या फौजेतले काळे शिपाई. लढाई संपल्यावर त्यांची पलटण याच गावात होती. दोघांना लग्न करायचं होतं. वरच्या साहेबानं परवानगी नाकारली आणि त्यांना बोटीत घालून परत धाडलं. आई पुढे दुसरं लग्न करून निघून गेली. पोरीला आजीनं वाढवलं, तीही गेल्या वर्षी वारली.

हे मला तेव्हा कुठे ठाऊक! मी आपली तुझ्या आज्ञेबरहुकूम चालले होते. माझं जर्मन बेकरीवालीकडून आणि नातीच्या चित्रांच्या पुस्तकांतून उचललेलं. विचारलं, तू मूळची कुठली? ती म्हणाली, इथलीच, हायडेलबर्गची. म्हटलं, ते झालं गं, पण मूळची? सुधीर टेबलाखालून पाय मारतोय. पण मी कसली थांबते! वडिलांचं कुळ कुठलं, गाव कुठलं, सगळं विचारलं. तिनं चमचा खाली ठेवला, आभार मानले, कोट चढवला नि गेली. मग सुधीरच्या निरोपांनाही उत्तर देईना. पोरगं धड जेवेना. मला एका शब्दानं बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं.

शेवटी माझं जर्मन अडेल म्हणून वसुधाला घेऊन मी हॉस्पिटलच्या फाटकाशी बाकावर जाऊन बसले. ड्यूटी संपवून ती आली, मला बघून थबकली, पण बसली. म्हटलं, बाई गं, आमच्यात हा प्रश्न राजाच्या मुलीलाही चुकत नाही. मला विचारला, माझ्या बहिणीला विचारला. ती म्हणाली, मला रोज विचारतात. दुकानात, ट्रामात, आणि वर न विचारता केसांना हात लावून बघतात. शाळेत नाताळच्या नाटकात बाळ येशूला बघायला येणाऱ्या तीन राजांतला काळा राजा दर वर्षी हीच, बाईंची तोंडाला फासायची काजळी वाचायची ना! जन्म इथला, भाषा इथली, तरी परत कधी जाणार म्हणून चौकशी. आणि तुमच्या प्रश्नाला, म्हणाली, माझ्याकडे उत्तरच नाही. वडिलांचं आडनाव हे त्यांच्या पणजोबांना विकत घेणाऱ्या मळेवाल्याचं. त्याआधीचं नाव, गाव, देव कुणी टिपून ठेवलं नाही. बाजारात गुराला कुणी कुळ विचारतं का?

मालू, आपण तरी आडनाव काय मायेनं विचारतो? तांब्या हातात द्यायचा की पाणी वरून ओतायचं, ते ठरवायला. आणि आपल्या माहेरी परसदारी जी माणसं थांबत, त्यांना तर विचारावंही लागत नसे. हसे लोकाला नि शेंबूड आपल्या नाकाला!

मग तिनंच विचारलं. सुधीरनं तिला सांगितलं होतं, लग्नात मुलीच्या पिढ्यांची नावं घेतात. माझ्या पाळीला भटजी काय म्हणतील? मी म्हटलं, गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात, शास्त्रात सोय आहे. आणि नावांचं काय, तर मी तोऱ्यात म्हटलं, मी तुला दत्तक घेते, आमच्या घराण्याची नावं लाव. ती एवढंच म्हणाली, पुन्हा दुसऱ्याचंच नाव?

तिथे माझं शहाणपण संपलं. पण वसुधा, गुणाची पोर, म्हणाली, नाव नको तर नको, पाठीशी माणसं तर हवीत ना? तेव्हा रेनाटे रडली, आणि मग रडता रडता हसली. ठरलं ते असं: वडिलांचं, आईचं, आजीचं नाव घ्यायचं. त्यापुढे ठाऊक नाही, तिथे भटजींनी घटकाभर थांबायचं. थांबू देत की. मंगलाष्टकं काही पळून जात नाहीत.

आता हे पत्र कशासाठी, ते. मुलाची मावशी म्हणून मी पसंती कळवीन अशी तू वाट बघत असशील. ते आता मला करता यायचं नाही. अंतरपाटाच्या तिकडच्या बाजूला तिच्यामागे कुणीच नव्हतं, तिथे मी, श्रीपाद नि वसुधा उभे राहणार. उन्हाळ्यात तिला घेऊन मिरजेला येतो आहोत, मुलीकडची माणसं म्हणून. तू वरमाय. मानपान माग, रुसून बस, धाकट्या बहिणीचे पाय धुवायला मला कमीपणा वाटायचा नाही. फक्त एक ऐक. ती तुझ्या दारात उभी राहील, तेव्हा आधी तुझा चेहरा वाचेल. जन्मभर तिनं तेच वाचलंय. म्हणून, मालू, जे काय दचकायचं ते आत्ताच, या कागदापुढे दचकून घे.

तुझीच अक्का,
यापुढे मुलीकडची