पहिल्या प्लगवरचा अंगठा

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला आठवण सांग, चिमणीला गोड पापा. इकडे सगळं ठीक. छपराचं गळणं थांबलं, मांजरीला पुन्हा तीन पिल्लं झाली. सहा वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नकोस.

बातमी अशी, की बाबांची गाडी सुरू झाली. हो, तीच! तू इंजिन पार उतरवून, नवे पिस्टन घालून पुन्हा बांधलंस आणि तरी सुरू झालं नाही, ती. "पाना धरायची लायकी नाही तुझी," असं बाबा गॅरेजमध्ये चारचौघांत बोलले आणि तू बॅग उचललीस.

महिनाभर मी तिच्यामागे हात धुऊन लागले होते. नवी बॅटरी, ताजं पेट्रोल, कार्बोरेटर उघडून साफ. प्लगची ठिणगी बघितली, चांगली निळी. तरी बाई ढिम्म. फार तर कार्बोरेटरमधून असा फटाका काढायची, की माझ्या भुवया जळता जळता वाचायच्या. हसू नकोस, नाकी नऊ आले होते माझ्या.

बाबा खिडकीतून सगळं बघायचे. आता लिहूनच टाकते. मार्चमध्ये त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. तुला कळवलं नाही. रागात म्हटलं, गेला ना सोडून, मग कशाला कळवा. चुकलंच माझं.

काल सकाळी ते खुर्चीच्या दांडीवर हात आपटायला लागले. चाकाच्या खुर्चीसकट त्यांना गाडीपाशी नेलं. त्यांनी डाव्या हाताने पहिला प्लग दाखवला. मी काढला. भोकावर अंगठा दाबून त्यांनी मानेनेच सांगितलं, फिरव. मी खालच्या नटाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं. पुलीवरची, ठिणगीची वेळ दाखवणारी खूण जागेवर आली. अंगठ्याखाली काहीच नाही. बाबांची मान पुन्हा हलली, अजून. आणखी एक फेरा, पुन्हा तीच खूण, आणि आतल्या हवेने त्यांचा अंगठा फस्सकन उडवला!

खूण दोनदा येते, दादा. ठिणगी हवी ती आत हवा दाबली जाते त्या वेळी. आपली नेमकी एक फेरा चुकून पडत होती. ज्यांना सात महिने स्वतःचं नावही सांगता येत नाही, त्यांच्या अंगठ्याला हे ठाऊक होतं!

"उलटा," बाबा म्हणाले. मार्चनंतरचा पहिला शब्द. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर मी उपसला, अर्धा फिरवून बसवला, प्लग परत लावला आणि चावी मारली. अरे, काय लागलं इंजिन! कुठे खडखड नाही, धूर नाही. तुझं काम होतं ते, दादा, सगळं तुझं.

आता जे लिहायला कचरतेय ते. डिस्ट्रिब्युटर तू बसवलास तसा राहिलाच नव्हता. तू जेवायला गेलास तेव्हा बाबांनी तो उपसून पुन्हा बसवला, घाईत, नुसती खूण बघून. टॉर्च मी धरला होता. ते तुला बोलत होते तेव्हाही मी तिथेच होते, आणि माझी दातखीळ बसली. सहा वर्षं बसलीय.

चूक आपलीच होती, हे बाबांना कालच कळलं. मडगार्डवर हात ठेवून रडले रे. इंजिन बंद करू देईनात. मग कागद मागितला. खालचं त्यांनी डाव्या हाताने लिहिलंय. पाऊण तास लागला, पण मला कागदसुद्धा धरू दिला नाही.

तुझी
धाकटी

पोरा चूक माझी. ये.